एका बाजूचे दाते

वादळाने चर्चचे छप्पर उचलून तळ्यापलीकडे नेऊन टाकले आणि जाता जाता आवारातली तीन जुनी झाडे आडवी केली. पाळकबुवांना त्यात देवाची योजना दिसली. छप्पर नेले ते त्यानेच आणि नव्या छपराला लाकूड पाडून दिले तेही त्यानेच. सासूला ती योजना अर्धवट वाटली.

"द्यायचंच होतं तर फळ्या करून द्यायच्या," ती म्हणाली. "ओंडके काय, कोणीही देतं."

ओंडक्यांच्या फळ्या करणारे घर गावात एकच होते, तिचेच. रस्त्याच्या शेवटी, मागच्या अंगणात पुरुषभर खोल खड्डा असलेले. खड्ड्यावर दोन तुळया आडव्या टाकलेल्या, त्यांवर ओंडका ठेवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा राहायचा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मधे चार हात लांबीची उभी करवत. वरचा गेरूची रेघ बघून करवत उचलतो, खालचा ओढतो. लाकूड कापले जाते ते ओढताना. म्हणजे घाम खालच्याचा आणि नाव वरच्याचे, आणि ही तक्रार ऐकून घेणारा अजून जन्माला यायचा आहे.

या घरात चौदा वर्षे वर सासूचा मुलगा होता आणि खाली त्याची बायको. गाव त्याला 'वरचा' म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पाचर निसटली, ओंडका लोळला आणि त्याच्या कंबरेवरून गेला. ती खाली खड्ड्यात होती. तिला फक्त वरचा उजेड एकदम वाढलेला दिसला. तेव्हापासून तो खाटेवर होता, पाय असून नसल्यासारखे, तरी गाव त्याला वरचाच म्हणायचे.

करवत भिंतीला टांगली गेली. तो उशांना टेकून लोकांच्या कोयत्यांना, कात्र्यांना, छोट्या करवतींना धार लावून द्यायचा. ती दोन घरची धुणी धुवायची. सासू दोघांवर देखरेख करायची आणि संध्याकाळी सगळ्यांत जास्त दमलेली असायची.

पाळकबुवा काम घेऊन आले तेव्हा सासूनेच विचारले, "वर उभं कोण राहणार?"

"माणूस मी आणतो," पाळकबुवा म्हणाले.

आणि आणला. लांबून आणला, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. चाळिशीचा, बायको वारलेली, बोलणे कमी आणि दंड जाड. चर्चच्या मागच्या खोलीत तो झोपायचा आणि उजाडले की खड्ड्यावर हजर व्हायचा. पहिल्या दिवशी चप्पल काढून ओंडक्यावर चढण्याआधी तो म्हणाला, "वहिनी, माझा हात जड आहे. त्रास झाला तर सांगा."

"सांगेन, पाहुणे," ती म्हणाली, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि खाली उतरली.

त्रास झालाच. दोन वर्षे धुणे धुतलेले हात करवत विसरले होते. पहिल्या दिवशी दुपारीच तळवे फुटले. दुसऱ्या दिवशी खांदे वर होईनात, सासूने तिच्या केसांची वेणी घातली आणि वेणीबरोबर चार शब्दही. खड्ड्यात वारा नाही. वरून भुसा पडतो तो केसांत, कानांत, मानेवरून पाठीत, आणि घामाला चिकटून बसतो. मान वर करायची नाही, डोळे किलकिले ठेवायचे, आणि ओढायचे. रेघ खालून दिसत नाही. वरचा सरळ चालला आहे असे समजून ओढायचे, हीच खालच्याची विद्या.

आतून खिडकीपाशी खाट होती. तिथून वरचा उंटावरून शेळ्या हाकायचा.

"टाच उचलू नको म्हणावं त्याला! दाबतोय कशाला? उचल नुसती, उचल!"

"उचलतोय, दादा," पाहुणा शांतपणे म्हणायचा. सासू म्हणायची, "सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही." पण हे तिने मुलाला ऐकू जाईल असे कधी म्हटले नाही.

संध्याकाळी करवत आत जायची. एक टोक खिडकीच्या चौकटीवर, एक टोक त्याच्या मांडीवर, जी मांडी त्याला जाणवत नव्हती. तो कानस घेऊन एकेक दाता घासायचा. एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, सगळे एका उंचीचे. अंगठ्याने चाचपायचा, पुन्हा घासायचा. दिवसभरात तेवढा तासभर तो घरातला कर्ता माणूस असायचा. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलायचे नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याचे ओरडणे थांबले.

त्याचे असे झाले की, दोन परकी माणसे एका करवतीला लागली की आवाज तुटक येतो. एक खरड, मग खंड, मग दुसरी खरड. वरच्याचा श्वास वेगळा, खालच्याचा वेगळा. तो खंड हळूहळू बुजतो. मग एक दिवस करवत दोघांची राहत नाही, एकाच माणसाने चालवल्यासारखी चालते. तो आवाज त्याने चौदा वर्षे काढला होता. रुसलेल्या नवरा-बायकोला तो काढता येत नाही हेही त्याला ठाऊक होते, कारण भांडणाच्या दिवशी त्यांची करवत हमखास अडायची आणि शेजारपाजारचे हसायचे. आता त्याच्या खिडकीबाहेर तोच आवाज चालला होता, न अडता, आणि तो त्यात नव्हता. त्याने भिंतीकडे तोंड केले.

तिला यातले काही कळले नाही. तिला एवढेच कळले की हात दुखायचे थांबले आहेत आणि सकाळी उठावेसे वाटते आहे. बऱ्याच दिवसांनी वाटत होते म्हणून तिने त्याचे कारण शोधले नाही.

घरात तिची खाट सासूच्या खोलीत होती. अपघातानंतर महिन्याभरात त्यानेच ती हलवायला लावली. "रात्री मी कण्हतो, तुझी झोप मोडते," म्हणाला. पहिले काही दिवस ती रडली, मग थकली, मग सवय झाली. दोन वर्षांत त्याने तिला बोटसुद्धा लावले नव्हते. ती त्याला आंघोळ घालायची, पाठीच्या जखमा पुसायची, कूस बदलायची, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. परक्या बाईने अंग पुसल्यासारखे.

लोकांच्या जिभेला हाड नसते. पाळकबुवांच्या बायकोने पाळकबुवांना सांगितले, पाळकबुवांनी शब्द गिळत गिळत वरच्याला सांगितले, "बाकी काही नाही, पण दोघंच असतात दिवसभर, जरा कोणी बसलं जवळ तर बरं दिसेल." वरच्याने आईला सांगितले. सासू दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन खड्ड्याच्या काठावर बसली, मांडीवर शिवण, नाकावर चष्मा. पहिल्या फळीला तिने एक बटण लावले. दुसऱ्या फळीला तिची मान छातीवर आली. करवतीच्या आवाजासारखी अंगाई नाही, हे पहारा लावणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते.

अशाच एका सोमवारी दुपारी तिच्या डोळ्यात कुसळ गेले. तिने हाताने करवत थांबवली आणि डोळा चोळू लागली.

"चोळू नको," वरून आवाज आला, आणि पाहुणा शिडीवरून खाली उतरला. खड्डा दोन माणसांसाठी नव्हताच. त्याने खिशातला रुमाल काढला, त्याचे टोक पिळून टोकदार केले. "वर बघ."

वहिनी म्हटले नाही, बघा म्हटले नाही. तिच्या ते लक्षात आले आणि तिने वर बघितले. त्याने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि कुसळ काढले. लगेच निघाले. रुमाल खाली गेला. हनुवटीवरचा हात मात्र राहिला. त्या हाताला लाकडाचा आणि घामाचा वास होता. तिने हनुवटी काढून घेतली नाही. किती वेळ, हे तिने नंतर पुष्कळदा मोजून पाहिले, आणि दर वेळी तो वेळ वाढतच गेला.

"हे काम संपलं की मी बंदरावर जाणार आहे," तो म्हणाला. "तिथं बारा महिने लाकूड असतं. येशील?"

तिने करवतीची खालची मूठ धरली. "चला, ऊन उतरतंय," ती म्हणाली.

सासू काठावर घोरत होती. पाहुणा वर चढला आणि करवत पुन्हा चालू लागली. पण खिडकीतल्या माणसाने करवत थांबली ती ऐकली होती, किती वेळ थांबली तेही ऐकले होते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर ती कशी पहिल्या पाच ओढींत अडखळली तेही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तिने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते. नाही म्हणायला एक क्षण पुरतो आणि ती रोज सकाळी तो क्षण दुपारवर ढकलत होती. धुणे आपटताना, भांडी घासताना तिला बंदर दिसायचे, जे तिने कधी पाहिले नव्हते. मग तिची तिलाच लाज वाटायची, आणि लाजेने माणूस आणखी दमतो.

गुरुवारी संध्याकाळी करवत घासायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

शुक्रवारी फळ्या बिघडल्या. पाहुणा रेघेवर होता, पाऊल सरळ होते, तरी करवत आत कुठेतरी उजवीकडे ओढ घेत होती. खाली तिला मूठ तिरपी लागत होती. तिने दोनदा विचारले, "रेघेवर आहात ना?" "रेघेवरच आहे," तो म्हणाला. फळी सुटून पडली तेव्हा एका कडेला अंगठ्याएवढी जाड होती आणि दुसऱ्या कडेला पुठ्ठ्यासारखी. दुसरीही तशीच. तिसरीही.

नेमके त्याच दिवशी पाळकबुवा मंडळीतल्या चौघांना घेऊन फळ्या बघायला आले. तिन्ही फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. लपवायला जागा नव्हती.

"अहो, हे काय?" पाळकबुवा म्हणाले. "देवाच्या घराचं लाकूड आहे हे. झाड पुन्हा उभं करता येणार आहे का?"

पाहुण्याने करवत उचलली, एक डोळा मिटून तिच्या दात्यांच्या रांगेवरून नजर टाकली. मग एकदा खिडकीकडे पाहिले. मग करवत खाली ठेवली.

"हात चुकला माझा," तो म्हणाला.

खिडकीतून वरच्याचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दुसऱ्याची करवत आहे. सगळ्यांनाच झेपते असं नाही."

मंडळीतला एक जण हसला. पाहुणा मान खाली घालून फळ्यांवरचा भुसा हाताने पुसत राहिला, जसा काही तो पुसला की फळी जाड होणार होती.

संध्याकाळी करवत आत न्यायला तिने उचलली. नेता नेता दात्यांवरून अंगठा फिरवला. उजवीकडे झुकलेले सगळे दाते वर होते, डावीकडचे सगळे घासून खाली नेलेले. एखाददुसरा नव्हे. सगळे. रांगेत, मोजून मापून. तिने करवत भिंतीला टांगली, खाटेवर दिली नाही. शनिवारी तिने हात दुखतात म्हणून सांगून पाहुण्याला परत पाठवले.

रविवारी प्रभुभोजन होते, महिन्यातून एकदा भाकर आणि द्राक्षारस घ्यायचे. छप्पर नसलेल्या चर्चवर ताडपत्री बांधली होती. मेजाजवळ येण्याआधी प्रत्येकाने आपल्या मनात डोकावावे, असे पाळकबुवा दर वेळी सांगायचे, आणि इतकी वर्षे तिने डोकावून पटकन मान बाहेर काढली होती. आज तिने कपडे बदललेच नाहीत. सासू पवित्र शास्त्र काखेत धरून दारात उभी राहिली.

"येत नाहीस?"

"नाही, आई. तुम्ही जा."

सासूने तिच्याकडे नीट पाहिले. म्हातारी झोपत असली तरी आंधळी नव्हती. "छत्री घेते," एवढेच म्हणून ती गेली.

रविवारी ती त्याची दाढी करून द्यायची. तिने तांब्या, साबण, वस्तरा आणला, त्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि फेस लावला.

"उपासनेला गेली नाहीस?"

"नाही. हनुवटी वर करा."

त्याने केली. तिने डाव्या गालापासून सुरुवात केली.

"करवतीचे उजवे दाते वर आहेत," ती म्हणाली.

तो गप्प राहिला. वस्तरा गळ्यावर होता, हेही एक कारण असेल.

"चुकून झालं असेल," तिने त्याला वाट दिली.

"चुकून नाही."

तिने वस्तरा टॉवेलला पुसला. "त्या माणसानं चारचौघांत दोष अंगावर घेतला."

"घेतला, कारण त्याच्या मनात काहीतरी आहे. चोराच्या मनात चांदणं."

"आहे," ती म्हणाली. "माझ्याही आहे."

आता वस्तरा हवेत थांबला. अर्धा चेहरा साफ, अर्ध्यावर फेस, असा तो तिच्याकडे बघत राहिला. तिने सांगायचे ठरवले होते तेवढे सगळे सांगितले, धुण्याचे कपडे मोजून द्यावेत तसे, एकेक. "सोमवारी डोळ्यात कुसळ गेलं. त्यानं काढलं. माझी हनुवटी धरली आणि धरून ठेवली. मी सोडा म्हटलं नाही. काम संपलं की माझ्याबरोबर ये म्हणाला. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. आज सातवा दिवस."

"आणखी काही?"

"झालं एवढंच. मनात एवढंच नाही."

बाहेर रस्त्यावरून उशीर झालेले कोणीतरी पळत चर्चकडे गेले. त्याने डोळे मिटले.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "आवाजावरून. आपला आवाज होता तो." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू जा. मी काही बोलणार नाही. पाळकबुवांना सांगेन की मीच पाठवली. अशा अर्ध्या माणसापाशी बसून तू तरी काय—"

"मला पाठवणारे तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी या आवाजात बोलली नव्हती. त्याने डोळे उघडले.

"शब्द मी तुम्हाला एकट्याला दिला नव्हता," ती म्हणाली. "देवापुढं दिला होता. तुम्ही तुमच्या वाटणीचा परत केलात तरी त्याच्याकडे राहतोच की. आणि त्यात पायांची अट नव्हती. मी नीट ऐकलं होतं. तुम्ही तेव्हा नव्या बुटांकडे बघत होता."

"चावत होते ते," तो पुटपुटला.

"मला मोकळं करून तुम्ही मोठे होणार, आणि मी वाईट. करवत बिघडवून तो वाईट. तुम्ही तेवढे खिडकीत बसून चांगले."

फेस सुकून गालाला ताण देत होता. "मग तुला हवंय तरी काय?" त्याने विचारले.

"दोन वर्षांत तुम्ही मला हात लावलेला नाही."

"हात लावून मी आता काय करणार आहे..."

"करायचं काय ते मी विचारतच नाहीये. हात म्हणतेय मी, हात. कोयत्याला लावता, करवतीला लावता, गावभरच्या कात्र्यांना लावता. मी आंघोळ घालते तर डोळे मिटून घेता. मग कोणी परका माणूस हनुवटी धरतो आणि मला वाटतं, अरे, आपल्याला हनुवटी अजून आहे." तिने वस्तरा तांब्यात बुडवला. "मला त्याची ओढ होती असं नाही म्हणत. होती. खोटं कशाला बोलू, रविवार आहे. पण आधी तुमची होती. ती तुम्ही भिंतीकडे तोंड करून घालवलीत."

तो रडला. रडताना त्याचे खांदे हलले आणि पाय तसेच राहिले. अश्रू फेसातून वाट काढत खाली आले. "लाज वाटते गं मला," तो म्हणाला. "तुझ्यापुढं असा पडायची."

"मला नाही वाटत का? सात दिवस काय वाटतंय मला?"

चर्चमधून गाणे ऐकू आले, ताडपत्रीखालून निघालेले, वाऱ्याने वेडेवाकडे झालेले. तिने पुन्हा फेस लावला आणि उजवा गाल केला. ओल्या फडक्याने चेहरा पुसला. टॉवेल सोडायला तिने हात मागे नेला तेव्हा त्याने तिचे मनगट धरले. कानशीने त्याची बोटे खरखरीत झाली होती. ती खाटेच्या कडेवर बसली. पुढे काही झाले नाही. हात होता, एवढेच. भांडी घासायची राहिली होती आणि ती बसून राहिली.

"पुढच्या महिन्यात जाऊ प्रभुभोजनाला," तो म्हणाला. "कोणी नेलं तर."

सासू परत आली तेव्हा तिला सून खाटेवर बसलेली दिसली. ती दारातूनच मागे फिरली आणि छत्री वाळत घालायला गेली. पाऊस पडलेला नव्हता.

सोमवारी उजाडता उजाडता पाहुणा आला. ती अंगणात त्याची वाट बघत उभी होती, रुमाल न बांधता.

"पाहुणे, तुमचं उत्तर राहिलं होतं," ती म्हणाली. "नाही."

त्याने मान हलवली. इतकी हळू की त्याला ते आधीपासून माहीत असावे.

"इकडे या जरा," वरच्याने खिडकीतून हाक मारली. पाहुणा खिडकीशी गेला. वरच्याने त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, मग चौकटीकडे बघून बोलला. "करवत मी बिघडवली होती. पाळकबुवांना मी सांगणार आहे, त्या चौघांसमोरच."

"माहीत होतं मला," पाहुणा म्हणाला. "इतके एकसारखे दाते चुकून वर होत नाहीत. असं बिघडवायलासुद्धा हात लागतो, दादा."

"माझंही चुकलंय," पाहुणा मग म्हणाला, अंगणाकडे न बघता. "घर बघून विचारायला हवं होतं."

वरच्याने करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. रात्री त्याने सगळे दाते पुन्हा घासून सारखे केले होते. करवत मांडीवर तयार होती. "एक काम कराल जायच्या आधी?" तो म्हणाला. "मला खड्ड्यात उतरवाल?"

"तुम्ही? खाली?" ती म्हणाली.

"ओढायला हातच लागतात. पाय कशाला?"

सासूने स्वयंपाकघरातली मोडक्या पाठीची खुर्ची आणली. पाहुण्याने खुर्चीचे पाय कापून ती बुटकी केली आणि खड्ड्यात नेऊन ठेवली. मग तो खिडकीशी पाठमोरा वाकला. वरच्याला दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकावे लागले, गाल त्याच्या मानेला लागला. अंगणातून जाताना लोंबकळणारे पाय पाहुण्याच्या पोटऱ्यांवर आपटत होते. शिडीच्या प्रत्येक पायरीवर पाहुणा थांबला, श्वास घेतला, पुढची पायरी शोधली. खाली त्याने वरच्याला खुर्चीत बसवून पट्ट्याने कंबर बांधली आणि पट्टा दोनदा ओढून बघितला.

"उतरवला खरा, पण वर कोण काढणार?" सासू काठावरून म्हणाली.

"संध्याकाळी पाळकबुवा येतील फळ्या बघायला," सून म्हणाली. "ते काढतील."

पाहुण्याने चप्पल घातली, पिशवी उचलली. "येतो, वहिनी," तो म्हणाला आणि रस्त्याला लागला. ती वळणापर्यंत बघत राहिली. दुखले. नाही म्हणणाऱ्यालाही दुखते, हे पाळकबुवांनी कधी सांगितले नव्हते. मग तिने रुमाल बांधला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओंडक्यावर चढली.

वरून सगळे वेगळे दिसत होते. गेरूची रेघ ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होती. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि चौदा वर्षे तिने ती बघितली नव्हती.

"रेघ दिसते का?" खालून त्याने विचारले.

"दिसते."

"मग उचल."

तिने उचलली, त्याने ओढली. करवत अडली. पुन्हा उचलली, पुन्हा अडली. आवाज असा येत होता की रस्त्याने जाणारा दूधवाला थांबून हसला. वीतभर कापले की त्याची खुर्ची मागे सरकवावी लागायची. ती ओंडक्यावरून उतरायची, शिडीने खाली जायची, खुर्ची पुढून ढकलायची, पट्टा बघायची, पुन्हा शिडी, पुन्हा ओंडका. दुपारपर्यंत तिने शिडीच्या फेऱ्या मोजायचे सोडून दिले. भुशाने त्याच्या बनियनचा रंग कळेनासा झाला होता.

"हे सगळं चौदा वर्षं तुझ्या तोंडावर पडत होतं?" तो खालून म्हणाला. तोंडातला भुसा तो थुंकत होता.

"मग कुठं पडणार?"

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही वर होता. ऐकू गेलं नसतं."

ऊन कलल्यावर पहिली फळी सुटून पडली. थोडी वाकडी होती, एका टोकाला. पण दोन्ही कडा सारख्या जाड होत्या. तिने दुसरी रेघ धरली. चार ओढी झाल्या आणि खालून हात वर आला. करवत थांबली.

"काय झालं?"

"डोळ्यात गेलं."

"चोळू नका."

ती खाली उतरली. रुमाल सोडला, त्याचे टोक पिळून टोकदार केले. "वर बघा," ती म्हणाली आणि त्याची हनुवटी धरली. डोळा लाल झाला होता, पापण्यांवर, भुवयांवर भुसा बसला होता, कालचीच केलेली दाढी पिवळी दिसत होती. त्याने डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत राहिला, उघड्या डोळ्यांनी, पाणी वाहत होते तरी. मग त्याचा हात वर आला आणि तिच्या गालावर टेकला. भुशासकट.

काठावर सासू आज जागी होती. "का गं थांबलात?" तिने विचारले. "एकच फळी झालीय दिवसभरात."

"यांच्या डोळ्यात कुसळ गेलंय," ती म्हणाली.

"निघालं नाही अजून?"

"नाही," खड्ड्यातून वरचा म्हणाला.

कुसळ केव्हाच निघाले होते.